भाग एकसष्ट

‘थापांची पेटी लिहिणारे साहेब तुम्हीच का?’

फोनवर बाईचा आवाज होता आणि मागे लहान पोरांचा कालवा चाललेला. मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत टेबलावर मीटर मांडत उभा होतो, पुढच्या तासाची मुलं यायला दहा मिनिटं होती. थापांची पेटी म्हटल्यावर मी खूश झालो, खोटं कशाला बोलू? कोणीतरी कौतुक करायला फोन केला असणार असंच वाटलं.

‘हो, मीच. भरतेश चौगुले. बोला.’

‘मी सिंधू देवमाने. बार्शीवरनं बोलते. अंगणवाडीत सेविका हाय मी. त्या पेटीत माझ्या पोरीचं नाव हाय. दैवशाला देवमाने. तेवढं काढता का, म्हणून फोन केला.’

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, सांगलीत राहत होतो, आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं.

आता ही पेटी काय भानगड आहे ते सांगायला हवं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली टीव्हीवर ‘धोंडूमामाचं टपाल’ नावाची कार्टून मालिका लागायची. दर रविवारी सकाळी साडेनऊला. धोंडूमामा म्हणजे टपाल वाटणारं कासव. पाठीवर टपालाची पिशवी, पिशवीला बांधलेली पिवळीधमक छत्री आणि सोबत लाल फ्रॉक घातलेली चिंगी नावाची खार. टपाल कायम उशिरा पोचायचं आणि उशिरा पोचल्यामुळेच कुणाचं तरी काहीतरी बरं व्हायचं. अठ्ठ्याहत्तर भाग झाले, मालिका संपली, बनवणारी कंपनी बंद पडली, टेपा कुठे गेल्या कोणाला पत्ता नाही. मी नववीत होतो. एक रविवार चुकवला नव्हता.

पुढे दोन हजार तीनमध्ये मी आणि अकोल्याच्या वनिता इंगोलेनं मिळून धोंडूमामाची वेबसाइट काढली. वनिता भावाच्या औषधांच्या दुकानात बसायची. आमची ओळख इंटरनेटवरची, सहा वर्षांत एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण फोनवर भांडण मात्र दररोज. साइटचं काम असं की प्रत्येक भागाचं एक पान करायचं. त्यात काय घडलं, कोण काय बोललं, कोणतं पत्र कोणाला पोचलं, सगळं. लोक आठवून आठवून लिहून पाठवायचे. कोणाकडे व्हिडिओ कॅसेटवर चार भाग निघायचे, कोणाकडे अर्धा. नियम माझा होता आणि कडक होता: एकच भाग दोघांनी, एकमेकांशी न बोलता, लिहून पाठवायचा. दोन्ही जुळले तरच पान चढवायचं आणि खाली दोघांची नावं टाकायची. ‘पाहिला: अमुक, तमुक.’ आणि एकदा चढवलेलं काहीही काढायचं नाही. उद्या कोणी येऊन म्हणेल हे पुसा, परवा कोणी म्हणेल ते पुसा, मग काय राहिलं?

अशी सत्त्याहत्तर पानं झाली. राहिला एकच, भाग एकसष्ट.

त्या रविवारी टीव्हीवर कसलं तरी थेट प्रक्षेपण आलं होतं आणि धोंडूमामा लागलाच नव्हता. पुढच्या रविवारी थेट बासष्टावा. पुढे एका जुन्या वर्तमानपत्राच्या कार्यक्रमपत्रिकेत वनिताला सापडलं की एकसष्टावा भाग त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी दीड वाजता दाखवला होता. एकदाच. न सांगता. बुधवारी दुपारी दीडला मी वर्गात बसलो होतो, महाराष्ट्रातली सगळी पोरं वर्गात बसली होती.

आम्ही एका पेपराच्या पुरवणीत आवाहन दिलं. ‘भाग एकसष्ट कोणी पाहिलाय का?’ खाली माझा पत्ता आणि फोन. पत्रं आली तीसेक, आणि एकजात सगळ्या थापा. कोणी बासष्टावाच फिरवून लिहिलेला, कोणी स्वतःच्या मनानं वाघ घातलेला. धोंडूमामाच्या गावात वाघ नव्हताच. मला असा संताप आला की मी साइटवर वेगळं पानच उघडलं. ‘थापांची पेटी’. थाप मारणाऱ्याचं नाव, गाव, त्याची थाप, आणि मी ती कशी पकडली. तिखट-मीठ लावून लिहायचो. लोक वाचून पोट धरून हसायचे. साइटवर सगळ्यात जास्त बघितलं जाणारं पान तेच झालं. वनिताला ते पान कधीच आवडलं नाही, पण मी तिचं कुठे ऐकत होतो.

त्यात बार्शीहून एक पाकीट आलं. वहीच्या दोन पानांची झेरॉक्स, अक्षर लहान मुलाचं, आणि सोबत एक चिठ्ठी. ‘माझ्या मुलीने लिहून ठेवले आहे. आपल्या उपयोगी पडावे.’ वर ठळक लिहिलेलं, भाग ६१, बुधवार. वाचायला घेतलं.

‘आज एका पत्रावर पत्ताच नव्हता. धोंडूमामा म्हणाला, पत्ता नसला म्हणून काय झालं, माणूस तर असेल. मग गारा पडल्या. धोंडूमामाची पांढरी छत्री फाटली. चिंगीने आपल्या काळ्या फ्रॉकची पट्टी फाडून छत्रीला ठिगळ लावलं.’

पांढरी छत्री! काळा फ्रॉक! मी पाकीट टेबलावर आपटलं. ज्यानं ही मालिका एकदा, अगदी जाता जाता जरी पाहिली असेल, तो छत्रीला पांढरी म्हणणार नाही. त्याच दिवशी मी पेटीत लिहिलं, ‘दैवशाला देवमाने, बार्शी. या ताईंना धोंडूमामाची छत्री पांढरी दिसली आणि चिंगीचा फ्रॉक काळा. ताई, थाप मारण्यापूर्वी निदान एक भाग तरी बघायचा होता. लहान मुलाचं अक्षर काढायची मेहनत मात्र दाद देण्यासारखी.’

आणि त्यानंतर तीन महिन्यांनी हा फोन.

‘बाई,’ मी म्हणालो, ‘तुमच्या मुलीलाच फोन करायला सांगा ना. मी तिच्याशी बोलतो.’

‘ती असती तर तिनंच केला असता. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात गेली ती. हृदयाच्या झडपा खराब होत्या. बारा वर्षांची होती.’

मागे पोरं ओरडत होती. त्या कोणाला तरी ‘ए, बस खाली’ म्हणाल्या.

शरम वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की आता ही बाई रडगाणं लावून काम साधायला बघतेय. असं झालेलं होतं आधी. नाव काढा म्हणून एकानं मला बापाच्या आजारपणाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्याचा बाप ठणठणीत निघाला होता.

‘वाईट झालं,’ मी म्हणालो. ‘पण बाई, साइटवरचं आम्ही काही काढत नाही. तसा नियम आहे.’

‘खरं मानू नका तुम्ही. बाकीच्या भागांत घेऊ बी नका. पण थापाडी म्हणू नका तिला. आमच्या तालुक्याच्या ऑफिसात मॅडम आहेत, त्यांनी संगणकावर सहज तिचं नाव टाकून बघितलं हो. तिच्या नावाचं दुसरं कायबी न्हाई तिथं. तेवढं एकच निघतं. दैवशाला देवमाने, थापाडी.’

मुलं दारात येऊन उभी राहिली होती.

‘तिचं चुकलं काय, ते तरी सांगा,’ बाई म्हणाल्या.

‘छत्री पिवळी आहे. ती पांढरी लिहिते. फ्रॉक लाल आहे, ती काळा लिहिते.’

‘एवढंच चुकलं?’

‘एवढंच म्हणजे? तेच तर सगळं आहे. रंग चुकला याचा अर्थ पाहिलेलंच नाही. ठेवतो आता, माझा तास आहे.’

आणि ठेवला फोन. तास घेतला. चांगला घेतला.

दुसऱ्या दिवशी वनिताला मी हे हसत हसत सांगितलं. म्हणजे हसायचा प्रयत्न केला.

‘भरतेश, तुले काही वाटते का रे?’ ती म्हणाली. चिडली की तिची वऱ्हाडी बाहेर यायची. ‘तू कोन होय? जज्ज होय का?’

‘अगं पण छत्री पांढरी लिहिलीय!’

‘जाऊ दे ना तिकडे ती छत्री! बुधवारी दुपारी दीड वाजता कोनतं पोरगं घरी राहते, सांग मले. बिमार पोरगंच राहते ना? हे डोक्यात नाही आलं काय तुह्या?’

नव्हतं आलं. खरंच नव्हतं. पण मी ते कबूल करीन तर ना.

‘मग रंग कसे चुकले?’ मी म्हणालो.

‘मले नाही माहीत. पन तू जाऊन ती वही पाहा. नाहीतर मी हे सोडून देते. तुझी पेटी अन् तू, सांभाळत बस.’

आठ दिवस मी टोलवाटोलवी केली. वनिता फोन उचलेना. नवव्या दिवशी बार्शीहून कार्ड आलं. ‘वही सगळी तपासून घेतली आहे. आता चूक नाही. टपालाने पाठवायला धीर होत नाही, हरवली तर पुन्हा मिळणार नाही. आपण एकदा येऊन बघावी ही विनंती. रविवारी मी घरीच असते.’

मी गेलो. मनात चांगलं काही घेऊन गेलो असं नाही. वही बघायची, दोन चुका आणखी काढायच्या, वनिताला ऐकवायच्या आणि विषय संपवायचा, असा सगळा बेत होता. मिरजेहून कुर्डुवाडी, तिथून बार्शी. पोचायला दुपारचे बारा वाजले.

सोलापूर रस्त्याकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर होतं. पत्रा वरती, पण जमीन लखलखीत पुसलेली. सिंधू देवमाने पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या असतील. अंगानं किरकोळ, केस बरेच पिकलेले. मला बघून गोंधळल्याच.

‘एवढे लहान हाय व्हय तुम्ही? मला वाटलं कोण मोठे साहेब असतील.’

‘नाही मावशी,’ मी म्हणालो. तोंडातून मावशी निघून गेलं.

‘आधी जेवा. लांबनं आलाय.’

‘आधी वही बघू.’

‘वही कुठं पळून चाललीय? जेवा दादा.’

ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी. बसून वाढलं त्यांनी. जेवताना मी विचारलं, ‘घरी आणखी कोण असतं?’ तर म्हणाल्या, ‘कोण न्हाई. शालू होती तवर आम्ही दोघी. तिचे वडील तिच्या आधीच गेले.’ आणि मग लगेच, ‘भाजीत मीठ बराबर हाय ना?’

हात धुऊन बसलो. समोर कोपऱ्यात एका स्टुलावर विणलेल्या रुमालाखाली काहीतरी झाकलेलं होतं आणि त्यावर शालूचा फोटो. दोन वेण्या, मोठे डोळे, गळ्याची हाडं दिसतायत. मावशींनी ट्रंकेतून वही काढली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठा घातलेली. वर चिठ्ठी चिकटवलेली: ‘नाव: कु. दैवशाला बाबू देवमाने. विषय: धोंडूमामा.’

‘सहावीत नाव घातलं आणि शाळाच सुटली तिची,’ मावशी म्हणाल्या. ‘दम लागायचा. दिवसभर पडून असायची. मी अंगणवाडीत. मग टीव्ही बघायची आणि लिवायची. पेन्सिलीनं लिवलंय सगळं. उताणं पडून पेन चालत न्हाई म्हणायची, शाई खाली उतरत न्हाई.’

मी वही उघडली. भाग दुसरा. पहिला चुकला होता बहुतेक. तारीख, वार, आणि खाली सगळा भाग, ओळीत. मी वाचत गेलो. बरोबर. तिसरा. बरोबर. चौथ्या भागात म्हशीला आलेलं पत्र, तेही बरोबर, म्हैस जे बोलली ते शब्दसुद्धा बरोबर. आमच्या साइटवर त्या भागाला तीन माणसांच्या आठवणी जोडून जे पान केलं होतं, त्याहून हे चांगलं होतं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीनं ते एकटीनं केलं होतं, आमच्या पाच वर्षं आधी.

आणि छत्री सगळीकडे पिवळी होती. फ्रॉक सगळीकडे लाल.

‘मावशी, यात तर छत्री पिवळीच आहे.’

‘व्हय तर!’ त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘दुरुस्त केलं ना मी. ऑफिसातल्या मॅडमनी तुमच्या संगणकावरचं ते पान छापून दिलं, कोणाचा रंग कोणता ते. त्यावरनं बघून बघून केलं. अंगणवाडी सुटली की बसायची. आठ दिवस लागले. आधी रबरानं नीट खोडलं, मग तिच्यासारखंच अक्षर काढलं. वळून आलंय ना? आता घ्याल ना हो? निदान त्या पेटीतनं तरी काढाल?’

मी वही खिडकीकडे नेली. उन्हात पान तिरकं धरलं. पिवळी या शब्दाखाली कागद जरा खरवडलेला होता आणि त्यात दाबून लिहिलेल्या पेन्सिलीचे चर दिसत होते. पांढरी. पुढचं पान. पांढरी. लालच्या खाली, काळा. पुन्हा काळा. चिंगीच्या भावाची टोपी, मावशींनी केलेली शेंदरी, खाली काळी. शेकडो ठिकाणी. एकदासुद्धा चूक नाही. पिवळं ते पांढरं, लाल ते काळं, दुसऱ्या भागापासून शेवटपर्यंत. थापा मारणारं माणूस असं कधीच लिहीत नाही, त्याचं कुठेतरी घसरतंच. हे तर जे दिसलं ते लिहिणारीचं काम होतं.

‘मावशी,’ मी विचारलं, आणि मला उत्तर आधीच कळलं होतं, ‘ती कोणत्या टीव्हीवर बघायची?’

‘ह्योच की.’ त्यांनी शालूचा फोटो उचलून बाजूला ठेवला आणि स्टुलावरचा रुमाल काढला. बटणं फिरवायचा छोटा टीव्ही होता. ‘तिच्या वडलांनी जुना आणलेला. बंद पडलाय आता. रंगीत न्हवता हो आपला.’

आमच्या घरीसुद्धा मी सहावीत जाईपर्यंत असाच टीव्ही होता. काळा-पांढरा. त्यावर मी क्रिकेट बघितलंय, हिरवळ करड्या रंगाची. आणि तरी मला सुचलं नाही. बार्शीतल्या एका पत्र्याच्या खोलीतल्या पोरीनं रंगीत बघितलं असणार हे मी धरूनच चाललो. एक प्रश्न विचारायचा होता फोनवर. फक्त एक. तो न विचारता मी तिला हसलो, आणि दुसऱ्यांना हसवलं.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. हो मावशी, आता बरोबर झालं, घेतो मी, असं म्हणून उठता आलं असतं. त्या खूश झाल्या असत्या. पण मला राहवलं नाही. मला वाटलं त्यांना हे कळायलाच पाहिजे.

‘मावशी, शालू बरोबर होती,’ मी म्हणालो. ‘तिचं काहीच चुकलं नव्हतं. या टीव्हीवर पिवळी छत्री पांढरीच दिसते. लाल काळंच दिसतं. तिनं जे पाहिलं ते लिहिलं. माझं चुकलं.’

‘म्हणजे ती खोटी न्हवती?’

‘नाही मावशी. अजिबात नाही.’

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मग डोळे उघडून त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मला दिसलं की आता त्यांना दुसरं कळलं.

‘मग मी हे काय केलं?’

त्यांनी पुढे होऊन एका ‘पिवळी’वर बोट टेकलं.

‘खोडलेलं परत येतं का हो?’

‘नाही मावशी.’

‘त्या संगणकावरचं?’

‘ते निघतं. दोन मिनिटांत निघतं.’

‘दोन मिनिटं,’ त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘वहीला कोणी हात लावलेला खपायचा न्हाई तिला. मी बी कधी लावला न्हवता. अकरा वर्षं ट्रंकेत होती. वाचलीसुद्धा न्हाई मी, उघडली की तिचं अक्षर दिसायचं आणि मला पुढं जमायचं न्हाई. आता खोडायला बसले तर तवाबी वाचली न्हाई. नुसते रंग हुडकत गेले. दिसला रंग की खोड.’

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागानं नाही. ‘असू दे, असू दे’ म्हणाल्या.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. सांगलीला पोचल्यावर मी थापांची पेटी अख्खी काढून टाकली. आणखी कोणाकोणाची पोरं तिच्यात होती, देव जाणे. भाग एकसष्टचं पान वनितानं केलं, मी तिला पाठवलेल्या झेरॉक्सवरून, शालूच्या शब्दांत, पांढऱ्या छत्रीसकट. खाली एकच नाव आहे. वनिता माझ्याशी बोलायला लागली, पण पूर्वीसारखं भांडली नाही कधी, आणि दोन वर्षांनी मी साइटचं सगळं काम तिच्याकडे सोपवून बाजूला झालो. साइट अजून आहे. लोक अजून येतात. हे सगळं झालं, पण मला जे सांगायचंय ते त्या दुपारचंच आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी सिंधूमावशी गेल्या, कार्ड आलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते.

त्या दुपारी त्या मला म्हणाल्या, ‘तुम्हाला दिसतंय का अजून? खालचं?’

‘दिसतंय. उन्हात धरलं की दिसतंय.’

त्यांनी चष्मा लावला, वही माझ्यासारखी तिरकी धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. ‘मला न्हाई दिसत.’ वही परत माझ्या हातात दिली आणि खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या. ‘वाचा तुम्ही. तिनं लिवलंय तसं. सगळं वाचा. मी ऐकते.’

मी वाचायला लागलो. भाग दुसरा. जिथे पिवळी होतं तिथे थांबायचो, पान उजेडात फिरवायचो आणि म्हणायचो, पांढरी. त्या माझ्यामागून हळूच म्हणायच्या, पांढरी. अंगणवाडीतल्या पोरांकडून त्या म्हणवून घेत असतील तसं, फक्त उलटं. मध्येच हसल्या. म्हैस पत्र खाते त्या भागात. ‘असंच बोलायची ती. अगदी असंच,’ म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. मी थांबलो तर हातानं खूण केली, वाचा. एकसष्टाव्या भागाला त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. पत्ता नसला म्हणून काय झालं, माणूस तर असेल.

ऊन खिडकीतून सरकत होतं तसे आम्हीही सरकत होतो. माझी साडेतीनची गाडी गेली. सत्तराव्या भागापासून मजकूर कमी कमी व्हायला लागला. एका भागाच्या सहा ओळी, मग चार. अक्षर ओळ सोडून खाली उतरलेलं. चौऱ्याहत्तरावा शेवटचा, त्यात दोनच ओळी. ‘धोंडूमामा आज दमला. तो आपल्या’ आणि मग मावशींच्या अक्षरात ‘पिवळ्या’, आणि मग पुन्हा शालूचं, ‘छत्रीत निजला.’

मी वही उजेडात धरली. तिरकी केली, दुसऱ्या बाजूनं तिरकी केली. कागद सपाट होता. तिच्या हातात पेन्सिल दाबण्याएवढा जोरच राहिला नसणार तेव्हा. जे पुसट उमटलं होतं ते रबराच्या पहिल्या फटक्यात निघून गेलं होतं. मी बोट फिरवून बघितलं. काहीच नव्हतं.

‘काय लिवलंय?’ मावशींनी विचारलं.

‘पांढऱ्या.’

‘दिसतंय?’

‘स्पष्ट दिसतंय, मावशी.’

‘पांढऱ्या छत्रीत निजला,’ त्या म्हणाल्या, आणि वही घ्यायला हात पुढे केला.